मानेमागचे पांढरे केस

माझ्यासारखं डोकं या बाजारात दुसऱ्या कुणाचं नाही, हे आधीच सांगून टाकतो. अकलेचं म्हणत नाही, अकलेचं लोक बघून घेतील. माझ्या डोक्याला माझ्या धाकट्या बहिणीचा हात लागलाय, म्हणून म्हणतो. मी शिकलो सातवीपर्यंत. शिलाई मशिनी दुरुस्त करतो आणि त्यात माझा हात कुणी धरू शकत नाही. पण आमच्या घरात नाव काढलं ते धाकटीनं.

ती आधी एका मोठ्या पार्लरात होती. दिवसभर बायकांच्या केसांना डाय लावायचा. लावून लावून तिची बोटं चिरली, मग खाज सुटली, मग पुरळ मनगटापर्यंत चढलं. हातमोजे घालूनही तेच. मीठ झोंबायचं म्हणून चमच्यानं जेवायची. डॉक्टर म्हणाले, डाय सोडा. मालकीणबाई म्हणाल्या, डाय सोडायचा तर खुर्ची पण सोडा. सोडली तिनं. घरी येऊन गुमान बसली, तेव्हा मी म्हटलं, तुझा भाऊ काय मेलाय का? दुकानाच्या मागच्या खोलीतलं भंगार उपसलं, खुर्ची ठेवली, आरसा लावला, बेसिन बसवलं. नळ मी स्वतः जोडला. आजवर एक थेंब गळलेला नाही.

आता डायच्या जागी मेंदी, असं तिनं ठरवलं. पहिला प्रयोग अर्थातच माझ्यावर. लोखंडी कढईत चहाच्या पाण्यात रात्रभर भिजवलेली मेंदी डोक्यावर थापून मी आपला मशिनी उघडत बसलो. धुतल्यावर केस असे निघाले, की समोरचा न्हावी हातातली कात्री घेऊन बाहेर आला आणि म्हणाला, गाजर. तेच नाव पडलं ते पडलं. पण मी कशाला लाजतो? दुकानाच्या दारात उभा राहून येणाऱ्या बाईला सांगायचो, रंग बघायचाय ना, हा बघा, बहिणीच्या हातचा. धाकटी आतून म्हणायची, दादा, तू आत ये, गिऱ्हाईक पळेल.

गिऱ्हाईक पळालं नाही, उलट बाकावर बसून वाट बघायला लागलं. ज्यांना गडद हवे त्यांना ती मेंदी धुतल्यावर वरून निळीच्या पानांची पूड लावायची. आणि तोंडावर सांगायची, नुसत्या मेंदीनं काळे होत नाहीत, कुणी तसं म्हणत असेल तर त्यानं त्यात काहीतरी कालवलंय. हळूहळू तिच्या बोटांची कातडी परत मऊ झाली. तळवे मात्र कायम केशरी. त्या तळव्यांचा मला काय तोरा होता!

माझं डोकं ती मानेमागून सुरू करायची. दोन बोटांनी मान खाली दाबायची आणि मग बोलायला लागायची. समोरासमोर तिला कधी काही सांगता आलं नाही. माझं तोंड खाली असलं की तिला जमायचं. नवरा गेला तेव्हा चारचौघांत डोळ्यांतून टिपूस काढलं नाही. रडली ती माझ्या मानेमागे उभी राहून. मी हललो नाही, मेंदी डोळ्यांत आली तरी.

तिथूनच एक दिवस म्हणाली, "दादा, लेकीला बाळ होणारे. बोलावतेय मला तिकडं."

मी म्हटलं, "मग जा की. मी काय लहान आहे?"

तिची लेक समुद्रापलीकडं असते. काही महिने म्हणून गेलेली धाकटी, आता नातू चालायला लागला तरी तिकडंच आहे. जाताना मेंदीचा मोठा डबा भरून ठेवला, दर महिन्याला लाव म्हणाली. मी हो म्हटलं. डबा तिच्या आरशाखाली ठेवला आणि उघडलाच नाही. ती आली की तीच लावेल, हा माझा हिशेब. केस वाढले, मुळं पांढरी होत गेली, केशरी टोकांवर सरकलं. न्हावी कात्री वाजवत विचारायचा, गाजराचा देठ कापू का? मी त्याला हाकलायचो. फोनवर धाकटी दिसायची तेव्हा टोपी घालायचो आणि सांगायचो, एकदम फर्स्टक्लास रंग चढतो माझ्या हातानं.

परवा म्हणाली, टोपी काढ. काढली.

तिनं तोंड फोनच्या अगदी जवळ आणून मुळं बघितली. मग म्हणाली, "डबा संपला?"

"उघडला नाही. तू येशील तेव्हाच..."

"दादा, जुनी पावडर रंग सोडत नाही रे." नातू मागं रडत होता, तरी उठली नाही. "आणि मी कधी येईन, मलाच माहीत नाही. आज भिजव. उद्या मी बघत बसते, तू लाव."

भिजवली. दुसऱ्या दिवशी तिच्याच आरशाला फोन टेकवून तिच्याच खुर्चीत बसलो. ती सांगत गेली, मी थापत गेलो. कपाळ, कानाजवळ, टाळू. मग म्हणाली, आता मागं, मान खाली कर.

मान खाली केली, पण हात काही मागं गेला नाही. पोचत नाही म्हटलं. ती पण नुसती हं म्हणाली. आणि मग, माझं तोंड खाली असल्यामुळं असेल, तिकडून बोलायला लागली. तिकडं दुपारी किती शांत असतं. तळवे आता साधे दिसतात, दुसऱ्याच कुणाचे तरी वाटतात. मी ऐकत राहिलो, कढईतली उरलेली मेंदी वाळून गेली तरी.

पुढच्या केसांना रंग आला, फिकाच. मागं पांढरंच. काल न्हावी मान बघून म्हणाला, आण कढई, मागचं मी लावून देतो, फुकट. माणूस तसा चांगला आहे.

मी म्हटलं, वरची टोकं काप हवी तर. मानेमागचं राहू दे, ते धाकटीचं काम आहे.