शुक्रवारचा भोंगा

डोंबिवलीत आमचा दिवस कंपनीच्या भोंग्यावर चालायचा. सकाळी सात, दुपारी तीन, रात्री अकरा. घरात घड्याळ होतं, पण ते रोज मागे पडायचं. नवरा रंगाच्या कंपनीत पहिल्या पाळीला जायचा आणि मी जवळच्या प्रसूतिगृहात आया होते. मुलगी तेव्हा पाच वर्षांची.

एका मंगळवारी दुपारी बाळंतपण उरकल्यावर मी चादरी गोळा करत होते. कापसाच्या बोळ्यात राहिलेली सुई बोटात घुसली. माझं माहेर ठाण्याच्या खाडीवरचं. तिथे शिंगाळ्या माशाचा काटा टोचला की बोट तोंडात घालून रक्त ओढायचं आणि थुंकायचं. मी तेच केलं. नर्सने पाहिलं आणि मला ओढतच डॉक्टरबाईंकडे नेलं.

"बोट चोखलंस?" डॉक्टरबाई ओरडल्या.

"हो बाई. आमच्यात काट्याला तसंच करतात."

"अगं, मासा नाही टोचला तुला! जा, आधी साबणाने धू, वाहत्या पाण्याखाली."

मग दार लावून त्यांनी सांगितलं. त्या बाळंतिणीच्या रक्तात एड्सचा विषाणू होता. मी मटकन खाली बसले. डोळ्यांपुढे मुलगी आली. बाई म्हणाल्या, "ऐक. गोळ्या आहेत. आजच सुरू केल्या तर विषाणू अंगात घर करायच्या आधी त्याला अडवता येतं. दिवसातून तीन वेळा, महिनाभर. वेळ चुकवायची नाही. शंभर टक्के हमी देत नाही मी, पण धोका खूप कमी होतो."

रोग व्हायच्या आधीच औषध! माझे वडील भरती यायच्या आधी धावत जाऊन बांधाची उघाडी, पाणी अडवायची लाकडी झडप, बंद करायचे, म्हणजे खारं पाणी भातात शिरत नसे. तेच आठवलं. रडता रडता मी उठून उभी राहिले. "कुठे आहेत गोळ्या?"

त्या मुंबईहून मागवल्या. संध्याकाळी पहिली गोळी गिळली. बाईंनी निरोधची पाकिटंही पुढे केली. "शेवटची तपासणी होईपर्यंत, सहा महिने, जपून. नवऱ्याला सांगशील ना?"

मी हो म्हटलं, पण माझ्याच्याने कसलं सांगवतंय! नवऱ्याच्या गळ्यात माळ होती, तो मासळीला शिवत नसे. मी सगळं कागदात गुंडाळून सोड्यांच्या, सुक्या कोळंबीच्या डब्यात ठेवलं. तिथे तो कधीच हात घालणार नव्हता.

बुधवार, गुरुवार मजेत गेले, असं म्हटलं तर कुणाला खरं वाटणार नाही. गोळ्यांनी मळमळायचं, पण भोंगा झाला की छाती धडधडायची. चल, घे! पाणी, गोळी, झालं. एकेका भोंग्याला मी एकेक उघाडी बंद करतेय असं वाटायचं.

मग एका सकाळी भोंगा वाजलाच नाही. मी चहा ठेवला, मुलीची वेणी घातली. ऊन समोरच्या भिंतीवर आलं, तरी नाही. मी झोपलेल्या नवऱ्याला गदागदा हलवलं. "भोंगा का नाही झाला?"

"शुक्रवार आहे गं. भोंग्याला सुट्टी, मला सुट्टी. झोपू दे की!"

शुक्रवार! मी धावले, डबा उघडला, गोळी तोंडात टाकली. घाईत डबा लवंडला आणि सोड्यांबरोबर सगळी पाकिटं जमिनीवर पसरली. तो उठून बसला होता.

"हे काय? सकाळी सकाळी सोडे खातेस? आणि हे निरोध?"

मग सुटकाच नव्हती. पदर तोंडाशी धरून भिंतीकडे बघत मी सगळं सांगितलं. मला वाटलं, आता हा मुलीला उचलून गावाला जाईल.

"किती उशीर झाला गोळीला?" त्याने विचारलं.

"तासभर झाला असेल."

"आणि मला सांगितलं नाहीस."

"लाज वाटली."

"लाजेपायी मरशील एक दिवस." त्याने नाक दाबून, दोन बोटांनी एकेक पाकीट उचललं, झटकलं आणि फळीवर देवांच्या मागे ठेवलं. त्या दुपारी मी भांडी घासत होते, तेवढ्यात दारातून आवाज आला, "भोंऽऽऽ!" मुलगी खिदळायला लागली. "तीन वाजले, बाईसाहेब," शेजारचं घड्याळ बघून आलेला तो म्हणाला. महिनाभर दर शुक्रवारी तोच आमचा भोंगा झाला.

गोळ्या संपल्या. मधल्या तपासण्या चांगल्या निघाल्या, तरी शेवटची राहिली होती. सहा महिन्यांनी बाईंनी कागद हातात दिला. "काही नाही तुला. सुटलीस!" मी कागद छातीशी धरून घरापर्यंत पळाले. तो दारातच उभा होता, समोर सगळी चाळ पाण्याच्या रांगेत. मी छाती भरून घेतली आणि आयुष्यात पहिल्यांदा चारचौघांत ओरडले, "भोंऽऽऽऽ!"

रांगेतल्या बाया बघतच राहिल्या. त्याने डोळे पुसले आणि म्हणाला, "अगं वेडे, आज शुक्रवार आहे! आज भोंगा मी द्यायचा!"