भाडोत्र्यांची ग्रामसभा

चाकणच्या अलीकडे, कंपन्यांच्या मागच्या अंगाला एक गाव आहे. तिथे मी काही वर्षं भाड्याच्या खोलीत राहिलो. पत्र्याच्या खोल्यांची एक रांग, समोर तशीच दुसरी, मधून सांडपाण्याची नाली. दोन्ही रांगांचे मालक एकच. ते ग्रामपंचायतीचे सदस्य होते आणि गावात पाण्याचा टँकरही त्यांचाच फिरायचा.

रांगांच्या टोकाला पंचायतीची मोकळी जागा होती. तिथे जुनी सार्वजनिक विहीर, मोटर, प्लास्टिकची टाकी आणि टाकीखाली नळ. सगळ्या खोल्या तिथेच पाणी भरत. शेजारच्या खोलीत परभणीकडची एक बाई खाणावळ चालवायची. तिचा नवरा, खोल्यांतल्या बहुतेक पुरुषांसारखा, कंपनीला माणसं पुरवणाऱ्या ठेकेदाराकडे कामाला होता, पण घर चालायचं डब्यांवर. टँकरचं पाणी विकत घेऊन डबे परवडणार नाहीत, नळ गेला की खाणावळ बंद, असं ती सरळ सांगायची.

त्या वर्षी एप्रिलमध्ये कळलं, की ही जागा कंटेनरच्या पार्किंगसाठी भाड्याने द्यायचा ठराव येणार आहे. रस्त्याकडेला उभ्या राहणाऱ्या ट्रेलरना जागा हवीच होती. नळाचं काय, असं विचारलं की मालक म्हणायचे, टाकी दुसरीकडे बसवू. दुसरीकडे म्हणजे कुठे, हे त्यांनी एकदाही सांगितलं नाही.

असा ठराव ग्रामसभेच्या संमतीशिवाय होत नाही, आणि ग्रामसभेत हात वर करण्याचा अधिकार गावच्या मतदारयादीत नाव असलेल्या प्रत्येकाला असतो. मालकांची अडचण इथेच होती, आणि ती त्यांनी स्वतः तयार केली होती. मागच्या निवडणुकीत आपलं सदस्यपद थोडक्यात जाणार असं दिसल्यावर त्यांनी खोल्याखोल्यांतून फिरून भाडेकरूंची नावं यादीत घातली होती. माझंही. फोटोचा खर्च त्यांचा, चहा त्यांचा. आता तुम्ही गावचे झालात, असं ते तेव्हा सगळ्यांना म्हणाले होते.

ठरावाची चर्चा सुरू झाल्यावर त्यांचं वागणं बदललं. नाली तुंबली की भाडेकरूंवर ओरडणं थांबलं. एका संध्याकाळी प्रत्येक खोलीत कलिंगड आलं. शेजारीण ते हातात घेऊन बराच वेळ ठोकून पाहत होती. "फुकटचं आतून पांढरंच निघतंय," ती म्हणाली. कापलं तर लालभडक निघालं. त्याने तिचा संशय वाढलाच.

ग्रामसभा महाराष्ट्र दिनाला होती. त्या दिवशी कंपन्यांना सुट्टी असते, म्हणून खोल्यांतल्या पुरुषांनी एकत्र जायचं ठरवलं होतं. आदल्या दिवशी ठेकेदाराचा निरोप आला: उद्या ओव्हरटाइम, जो येणार नाही त्याने पुढेही येऊ नये. ठेकेदार मालकांचा भाचा होता. निरोपामागे मालक होते हे मी सिद्ध करू शकत नाही. पण त्या कंपनीत कामगार दिनाला काम चालल्याचं त्याआधी किंवा नंतर मी पाहिलं नाही. सकाळी सगळे पुरुष बसमध्ये बसून गेले; मी त्या ठेकेदाराकडे नव्हतो, म्हणून मागे राहिलो.

झेंडावंदन झाल्यावर सभा मारुतीच्या देवळापुढे भरली. ठराव वाचून होतो न होतो तोच खोल्यांतल्या बायका आल्या. पुढे शेजारीण, डबे पहाटेच उरकून आलेली. निवडणुकीच्या वेळी मालकांनी नवऱ्यांबरोबर बायकांचीही नावं घातली होती. ओव्हरटाइमची व्यवस्था करताना ते त्यांच्या लक्षात राहिलं नसावं.

गावातले एक म्हातारे उठले. त्यांच्याही खोल्या होत्या, विहिरीच्या पलीकडे, बहुतेक रिकाम्या. "जागा बापजाद्यांची हाय," ते म्हणाले. "भाडोत्र्यांचा काय संबंध?"

ग्रामसेवकाला तिथे सगळे भाऊसाहेब म्हणायचे. भाऊसाहेबांनी यादी पाहिली आणि नावं आहेत, त्यांना मत देता येईल, एवढंच सांगितलं.

मालक हसले. "अहो, ह्यांची नावं मीच घातलीत."

"तुमीच म्हणलाव ना मालक, गावचे झालात म्हणून," शेजारीण म्हणाली. "मग गावचं पाणी कसं सोडावं आमी?"

मागून कोणीतरी, "राव, कलिंगडं वाया गेली," म्हणालं. लोक हसले. मालक हसायचे थांबले.

हात मोजले. पार्किंगचं भाडं खरंच पंचायतीत जमा होईल यावर गावातल्याही बऱ्याच जणांचा विश्वास नव्हता. त्यांचे आणि बायकांचे हात मिळून ठराव पडला. विहीर आणि नळ पाहायला समिती नेमली गेली, त्यात शेजारणीला घेतलं. म्हाताऱ्यांनी ठरावाच्या बाजूनेही हात वर केला नाही आणि विरोधातही नाही.

आठवड्याच्या आत मालकांनी तिला खोली सोडायला सांगितली. मुलाचं लग्न आहे, पाहुण्यांना जागा लागेल, असं कारण दिलं. त्यांच्या मुलाचं लग्न ठरल्याचं गावात कोणी ऐकलं नव्हतं. गाव सोडून दुसरीकडे राहायला गेली की गावातला पत्ता जाणार, पत्त्याबरोबर यादीतलं नाव, आणि पुढच्या ग्रामसभेत तिचा हात मोजला जाणार नाही. हे तिला कोणी समजावून सांगावं लागलं नाही.

विहिरीपलीकडची खोली द्यायला ते म्हातारेच तयार झाले. नळ राहणार हे नक्की झाल्यावर त्यांच्या खोल्यांना भाडेकरू मिळू लागले होते. सामान टेंपोतून दारात आलं. म्हातारे किल्ली पुढे करून उभे होते.

"आधी भाड्याची पावती लिहून द्या," ती म्हणाली. "माझ्या नावानं, ह्या पत्त्याची."

"आजवर कुनी मागितली न्हाई."

"म्हणून तर मागायलेय."

ते घरात गेले. टेंपोवाला घाई करत होता. तिने एक भांडंही खाली उतरवू दिलं नाही. बऱ्याच वेळाने म्हातारे सही केलेला कागद घेऊन बाहेर आले. तिने तो माझ्याकडून दोनदा वाचून घेतला आणि मग टेंपोची फळी उघडायला सांगितली.