भाऊ खांबेट्यांनी कॉफीचं मशीन घेतलं

आमच्या बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर राहणारे भाऊ खांबेटे डोंबिवली एमआयडीसीतल्या एका रंगाच्या कारखान्यात चौतीस वर्षं खरेदी विभागात होते. कागदोपत्री नाव सीताराम, पण त्या नावाने त्यांना फक्त बँक ओळखते. चौतीस वर्षांत भाऊंनी टाचणीपासून बॉयलरपर्यंत सगळं विकत घेतलं, आणि त्यातलं काहीही आवडलं म्हणून घेतलं नाही. तीन कोटेशन मागवायची, तुलनेचा तक्ता मांडायचा, ज्याचा दर सर्वांत कमी त्याला ऑर्डर द्यायची, झालं. निवृत्त झाल्यावरही ही सवय सुटली नाही. घरातला कुकर बदलायला त्यांना पाच महिने लागलेले. ते पाच महिने शुभदाकाकू आमचा कुकर नेत होत्या आणि आम्ही डाळ पातेल्यात शिजवत होतो.

गेल्या दिवाळीनंतर भाऊ आणि काकू आठ दिवस मुलाकडे, सुश्रुतकडे, बाळकुमला राहायला गेलेले. सुश्रुतच्या किचनमध्ये पॉडवालं कॉफीचं मशीन आहे. कॉफी भरलेली इवलीशी बंद डबी, तिला पॉड म्हणतात, ती मशीनमध्ये ठेवायची. मशीन चालू केलं की अर्ध्या मिनिटात एक कप कॉफी. गाळणं नाही, आधण नाही. काकूंनी तिथे चार घोट घेतले आणि म्हणाल्या, "छान आहे हो."

सुश्रुतला आनंद झाला. आईने स्वतःहून कशाला छान म्हटल्याचं त्याला आठवत नव्हतं. त्याने तिथल्या तिथे जाहीर केलं, की लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसाला असंच मशीन डोंबिवलीला येणार. फोन काढून तो ऑर्डर टाकणार, तेवढ्यात भाऊंनी त्याचं मनगट धरलं.

"थांब. एकाच कोटेशनवर खरेदी होत नसते."

"बाबा, गिफ्ट आहे ते!"

"असू दे. पैसे तुझे, प्रक्रिया माझी."

डोंबिवलीला परत आल्यावर पहिल्याच रविवारी भाऊंनी मला वर बोलावलं. मी घरून इन्शुरन्सच्या क्लेमचं काम करतो, त्यामुळे बिल्डिंगमध्ये सगळे मला रिकामाच समजतात. टेबलावर नवी फाइल होती. तिच्यावर सुवाच्य अक्षरांत लिहिलेलं, 'एक-कपी कॉफी यंत्र : खरेदी'.

"संदेश, तू समितीचा बाह्य सदस्य," भाऊ म्हणाले. "म्हणजे उद्या कोणी पक्षपात झाला म्हणायला नको."

"कोण म्हणणार, भाऊ?"

"ते आधी कधीच कळत नसतं."

अध्यक्ष भाऊ, बाह्य सदस्य मी. काकू निमंत्रित. निमंत्रित म्हणजे त्यांनी बैठकीला चहा आणायचा. कॉफीच्या मशीनवर आमच्या एकूण नऊ बैठका झाल्या आणि नऊही चहावर झाल्या.

भाऊंना या विषयात अधिकार होता, हेही सांगायला हवं. त्यांच्या कारकिर्दीतली सर्वांत लाडकी खरेदी म्हणजे कारखान्याच्या कॅन्टीनमधलं चहाचं मशीन. सर्वांत कमी दराचं होतं, पण अकरा वर्षं चाललं. ही गोष्ट त्यांनी मला लिफ्टमध्ये, जिन्यात आणि एकदा एका बारशाला सांगितलेली. "अकरा वर्षं. आणि एकही तक्रार नाही," असं ते म्हणायचे आणि समोरच्याला ते पचायला थोडा वेळ द्यायचे.

महिन्याभरात सात मशीनं यादीत आली. भाऊंनी कंपन्यांची नावं काढून टाकून त्यांना अ, ब, क, ड अशी अक्षरं दिली, नावामुळे मन झुकू नये म्हणून. तक्त्यात चाळीस ओळी होत्या. वजन, उंची, वायरची लांबी, पाण्याच्या टाकीची क्षमता, दर कपाचा खर्च, लोडशेडिंग झाल्यास वर्तणूक. एका मुद्द्याने मात्र त्यांची झोप उडवली. अ कंपनीचा पॉड ब च्या मशीनमध्ये बसत नव्हता.

"म्हणजे एकदा मशीन घेतलं की आपण कायमचे यांच्या दावणीला," भाऊ म्हणाले. "उद्या यांनी पॉड बंद केला तर?"

"तर फुलदाणी ठेवू त्यावर," काकू चहाचे कप उचलत म्हणाल्या. निमंत्रितांचं मत इतिवृत्तात घ्यायची पद्धत नव्हती.

मग आम्ही ठाण्याला एका मॉलमध्ये डेमो बघायला गेलो. काउंटरवर रसिका नावाची मुलगी होती, हसतमुख. तिने भाऊंना 'सर' म्हणून खुर्ची दिली, तीच तिची चूक झाली. भाऊ बसले.

"सर, यात एकोणीस बारचं प्रेशर आहे," ती म्हणाली.

भाऊंनी चष्मा काढला. "आमच्या कारखान्याच्या बॉयलरला साडेदहा होतं. तो तपासायला वर्षातून एकदा इन्स्पेक्टर यायचा. याला कोण येतं?"

रसिकाने माझ्याकडे पाहिलं. मी कपाटावरच्या ऑफर वाचायला लागलो.

"सर, हे एकदम सेफ असतं."

"लेखी मिळेल?"

त्या दुपारी भाऊंनी सात प्रकारची कॉफी प्यायली. प्रत्येक कपानंतर ते तक्त्यात गुण भरायचे. चौथ्या कपापासून अक्षर हलायला लागलं. सातव्या कपानंतर त्यांनी रसिकाला विचारलं, "यातली चांगली कुठली?"

"ते तुमच्या टेस्टवर आहे, सर. तुम्हाला कुठली आवडली?"

भाऊंनी तक्ता वरपासून खालपर्यंत पाहिला. तिथे उत्तर नव्हतं. "सगळ्या नियमाप्रमाणे होत्या," ते म्हणाले.

रसिकाला त्यांची दया आली असावी. हळू आवाजात ती म्हणाली, "काका, खरं सांगू? मी स्वतः चहाच पिते."

टेंडरमध्ये समाधानी ग्राहकांची यादी मागायची पद्धत असते. सुश्रुतची साक्ष भाऊंनी फेटाळली, कारण तो नात्यातला. म्हणून त्याने त्याच्याच इमारतीतल्या बाविसाव्या मजल्यावरच्या संचिताचं नाव दिलं. तिच्याकडे ड मशीन होतं. आम्ही गेलो तेव्हा मशीनच्या डोक्यावर गाडीच्या किल्ल्या, विजेचं बिल आणि एक हेअरबँड होता.

"मस्त आहे मशीन," संचिता म्हणाली. "पाहुणे बघतातच आल्या आल्या."

"रोज किती कप होतात?" भाऊंनी पेन सरसावलं.

"रोज असं नाही. सकाळी घाई असते ना, मग मी आपली साधी इन्स्टंट करते."

भाऊंनी 'दिसण्यास उत्तम' असं लिहिलं आणि ड ला दोन गुण वाढवले.

शेवटचा टप्पा दुरुस्तीवाल्याचा. विकणारा गोड बोलतो, पण मशीन उघडणारा खरं बोलतो, यावर भाऊंचा ठाम विश्वास. कारखान्याच्या मेंटेनन्समध्ये तानाजी नावाचा फिटर होता. कारखाना आटपल्यावर त्याने आंबिवली स्टेशनजवळ मिक्सर-गीझर दुरुस्तीचं दुकान टाकलेलं आणि आता त्याच्याकडे कॉफीची मशीनंही यायची. मी भाऊंना स्कूटरवर मागे बसवून शहाडमार्गे आंबिवलीला नेलं. फाइल त्यांनी पोटाशी धरलेली.

तानाजी भाऊंना पाहून उठून उभा राहिला. स्टूल पुसून दिलं, चहा सांगितला. भाऊंनी तक्ता उघडला. तानाजीने तो पाहिला आणि आदराने बाजूला ठेवला.

"साहेब, माझ्याकडे दोन कारणांनी येतात ही मशीनं. एक म्हणजे बोअरिंगचं पाणी घातलं की आत क्षार धरतात. दुसरं, वापरतच नाहीत. पडून पडून रबर कडक होतं. जे मशीन रोज चालतं, ते माझ्याकडे येत नाही."

"बरोबर!" भाऊ खुलले. "आपलं कॅन्टीनचं मशीन आठवतं ना? रोज चालायचं. अकरा वर्षं."

तानाजी हसला. मग त्याने माझ्याकडे बघितलं, सांगू की नको अशा नजरेने.

"साहेब, आता कारखाना पण नाही आणि तुम्ही पण साहेब नाही, म्हणून बोलतो. त्या मशीनचा चहा कोणी पीत नव्हतं."

"काय?"

"पिण्यासारखा नव्हता हो. पहिल्या आठवड्यातच सोडला सगळ्यांनी. गरम पाण्याचं बटण होतं ना, तेवढं चालायचं. रंगाचे हात धुवायला. एकदम फर्स्ट क्लास निघायचा रंग."

"पण एक तक्रार आली नाही अकरा वर्षांत!"

"तक्रारीचा फॉर्म तुमच्याच टेबलावर यायचा ना. कोण भरणार? आम्ही गेटबाहेर गोदूबाईच्या टपरीवर प्यायचो चहा." तानाजीने स्क्रूड्रायव्हर फडक्याला पुसला. "आणि तुम्ही पण घरून थर्मास आणायचात की, साहेब."

त्याने ते टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं, म्हणूनच ते जास्त लागलं. भाऊंनी तक्ता घडी करून फाइलमध्ये ठेवला. आलेला चहा पूर्ण संपवला. "चांगला आहे," म्हणाले. तानाजीने दुकानाबाहेर येऊन हात जोडले.

येताना शहाडच्या पुलावर ट्रॅफिकमध्ये अडकलो, तेव्हा मागून आवाज आला, "संदेश, तीनशे माणसं होती रे."

पुढचा ट्रक हलला आणि मी स्कूटर पुढे काढली.

घरी आलो तर काकू डायनिंग टेबलवर गवार मोडत बसलेल्या. भाऊ त्यांच्या समोर बसले. फाइल जमिनीवर ठेवली.

"शुभदा, तुला कशी कॉफी लागते?"

"आत्ता?"

"आत्ता नाही. एकूण."

काकूंचा हात थांबला. "काळी. कडक. साखर नको."

भाऊ त्यांच्याकडे बघत राहिले. "तुला? काळी? कधीपासून?"

"शाळेत लागले तेव्हापासून. मधल्या सुट्टीत हेमा आणि मी प्यायचो, स्टाफरूमच्या शेगडीवर करून. एकतीस वर्षं."

"मग घरी कधी नाही केलीस ती?"

"अहो, तुम्ही उठल्या उठल्या म्हणायचात, दोन कप चहा टाक. त्यातला एक कोणाचा, ते तुम्ही ठरवलेलं होतंत. मग कोण दुसरं आधण ठेवणार?" काकूंनी गवारीची शेंग मोडली. "आणि मशीनचं म्हणाल, तर दांडा ओढायचं नको. माझा अंगठा दुखतो. बाळकुमला सुश्रुतच ओढून द्यायचा. दुधाचा फेस काढायचं भांडंही नको. ते घासायचं काम माझ्यावरच येणार."

सात मशीनपैकी पाच तिथेच बाद झाली. चाळीस ओळींच्या त्या तक्त्यात काकूंच्या अंगठ्याची ओळ नव्हती. भाऊंनी मला खूण केली, की तू जा आता. मी निघालो तेव्हा ते फाइल न उघडता गवार मोडायला घेत होते. नवख्या माणसासारखी, देठं न काढता.

शनिवारी आम्ही तिघं ठाण्याला गेलो. भाऊंना लांबून येताना पाहून रसिकाने पाण्याचा ग्लास रिकामा केला. काकूंनी उरलेल्या दोन मशीनची बटणं दाबून पाहिली, दोन्हींची काळी कॉफी प्यायली आणि बुटक्या लाल मशीनवर बोट ठेवलं. सगळं मिळून अकरा मिनिटं लागली. ते मशीन सर्वांत कमी दराचं नव्हतं.

भाऊंनी खिशातून पेन काढलं. सर्वांत कमी दर डावलला तर कारण लिहावं लागतं, हे रक्तात होतं त्यांच्या. काउंटरवरच फाइल उघडून ते बराच वेळ उभे राहिले. मग लिहिलं, 'वापरणारीला हे हवं आहे', आणि खाली सही केली. बाह्य सदस्य म्हणून माझीही घेतली. सुश्रुतने फोनवरून पैसे भरले आणि विचारलं, "बाबा, हेच मी त्या दिवशी ऑर्डर करत होतो ना?" भाऊ म्हणाले, "तुझ्याला दांडा होता," आणि फोन ठेवला.

त्याला आता चार महिने झाले. मशीन रोज चालतं, दुपारी एक कप आणि संध्याकाळी एक. पाणी फिल्टरचंच घालायचं, असा भाऊंचा सक्त नियम आहे आणि ते स्वतः भरतात. दर गुरुवारी चार वाजता हेमाबाई आणि शाळेतल्या आणखी चार निवृत्त बाई येतात. प्रत्येकीला वेगळी कॉफी लागते असं भाऊंच्या लक्षात आलंय आणि हे त्यांना अजूनही थोडं बेशिस्तीचं वाटतं. त्या दिवशी त्यांना हॉलमध्ये जागा नसते. ते खाली येऊन माझ्याबरोबर बाकावर बसतात.

परवाच्या गुरुवारी वरून जोरात हसण्याचा आवाज आला. भाऊंनी मान वर करून पाहिलं.

"कशावर हसतायत?" मी विचारलं.

"माहीत नाही. मी गेलो की थांबतात." मग म्हणाले, "परवा तिच्या कपातली घोटभर घेऊन बघितली. भयंकर कडू लागते रे मला."

"सांगितलंत काकूंना?"

"सांगितलं की. ती म्हणाली, बरं झालं, एक पॉड वाचला."

मग आम्ही दोघं उठून कोपऱ्यावर चहाला गेलो.