दादाचा आवाज मी बिघडवला

मंडळी, आज दुपारी दांडीला बोंबील वाळत टाकताना पुतणीने विचारलं, "काका, बाबा कसे बोलायचे? मला कोणी सांगितलंच नाय."

नव्वदच्या आसपास दादाची होडी परत आली नाही, तेव्हा ही सहा महिन्यांची होती.

मी लगेच नक्कल केली. होडी किनाऱ्याला लागली की दादा ओरडायचा, "आये, पाटी आण, म्हावरा जाम हाय!" बोलताना अडखळायचा. मी "म-म-म-म-म्हावरा" केलं. शेजारी बोंबील टाकणाऱ्या सगळ्या बायका हसल्या. पुतणीने मोबाइलवर घेतलं, मग हळूच म्हणाली, "एवढे अडखळायचे?"

नाही हो, मंडळी. अगदी जरासा.

तो गेल्यावर आई जेवत नव्हती. मी एकदा नक्कल केली, ती हसली, दोन घास गेले. मग रोज करायला लागलो. कालच्याच नकलेला ती आज हसायची नाही, म्हणून रोज थोडं वाढवत गेलो.

मघापासून दादाचा खरा आवाज आठवतोय. कानात माझाच येतोय. दादाची कॅसेटबिसेट काहीच नाही.

पुतणीने ती क्लिप तिच्या पोरांना पाठवलीय, आजोबांचा आवाज म्हणून. तिला आता काय सांगू?