वसंताच्या जागी सागर

शिट्टीसर घरी आले की कुकर लावायची सोय नसायची. शिट्टी झाली की बोलता बोलता थांबायचे, एक बोट वर करायचे आणि शिट्टीचा सूर सांगायचे, "काळी चार. पण किंचित उतरलीय." आईला आधी वाटायचं, डाळीबद्दलच काहीतरी म्हणतायत. इंद्रलोक बिल्डिंगमध्ये आमच्याच मजल्यावर राहायचे, दादरहून आलेले, एकटेच. आयर्लंडकडची पत्र्याची छोटी बासरी, टिन व्हिसल, वाजवायचे, म्हणून पोरांनी हे नाव ठेवलेलं. त्यांनाही ते आवडायचं.

मला ती बासरी त्यांनीच शिकवली. "डोळे मिट," हा पहिला धडा आणि शेवटचाही. चुकलं तरी मिट, जमलं तरी मिट. तिकडची केल्टिक गाणी ऐकवायचे आणि म्हणायचे, "पाऊस, मासे आणि परगावी गेलेली पोरं. अगं, आयर्लंड म्हणजे तुमची रत्नागिरीच, फक्त फणस नाहीत." माणूस लाघवी, खोटं कशाला बोलू? बाबा दवाखान्यात होते तेव्हा सख्ख्यांच्या आधी सर धावत आले होते.

आमच्याकडे गौरी आल्या की बायका फेर धरून गातात आणि ज्या त्या बाईची स्वतःची एखादी ओळ असते. आईची ओळ होती, 'गौर आली माहेराला, मला न्याया ये वसंता.' वसंता म्हणजे माझा मामा. दर गौरीला तो बहिणीला माहेरी न्यायला यायचा. एका वर्षी होडी उलटली आणि समुद्राने त्याला परत दिलंच नाही. त्याचा साधा फोटोही नाही आमच्याकडे. होतं ते नाव, आणि तेही या ओळीत.

एका गौरीला सरांनी ती ऐकली आणि ढसाढसा रडले. तेव्हा ते जगभरच्या प्रार्थनागीतांचा अल्बम करत होते. "वहिनी, हे मला द्या." आईने एकच विचारलं, "सर, नाव राहील ना पण?" हातात नैवेद्याची पातोळी होती त्यांच्या. म्हणाले, "नाव म्हणजे या गाण्याचा प्राण हो. त्याला हात लावणार नाही, शब्द देतो." मग रेकॉर्डिंगसाठी त्यांच्या घरात खिडक्यांवर गोधड्या टांगून, पंखा बंद करून, घामाघूम होत आई गायली.

अल्बमच्या कार्यक्रमाला आई ठेवणीतली साडी नेसून पुढच्या रांगेत. शाल-श्रीफळ दिलं तिला, टाळ्या झाल्या. मग गाणं लागलं. आवाज कुणा परदेशी बाईचा होता. तेही एक वेळ ठीक. आईला स्वतःच्या आवाजाचं कौतुक कधीच नव्हतं. पण ती बाई डोळे मिटून, गोड गळ्याने गात होती, 'मला न्याया ये सागरा.'

आईने माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली.

मी सरांना तिथेच गाठलं. "सर, शब्द दिला होतात तुम्ही."

"अगं, नाव असलं की गाणं एका घरात अडकतं. आता ते सगळ्यांचं झालं. लहान थेंब मोठ्या पाण्यात..."

"मामाला त्याच पाण्याने नेलंय! माहितीय ना तुम्हाला?"

"माहितीय की," ते शांतपणे म्हणाले. "म्हणूनच तर."

त्या माणसाला खरंच वाटत होतं की त्याने आमच्यावर उपकार केलेत. चोर परवडला हो, त्याला निदान चोरी कळते. हल्ली ते परदेशातच असतात. दिवाळीला मेसेज येतो, मी उत्तर देत नाही. बासरीला हात लावला की अजून डोळे आपसूक मिटतात आणि त्याचा मला संताप येतो.

यंदा गौरीला बिल्डिंगमधल्या बायकांनी अल्बमचं गाणंच मोबाईलवर लावलं. कौतुकानेच, आपल्या काकीचं गाणं म्हणून. सगळ्यांनी फेर धरला, सगळ्यांनी मिळून सागराला हाक मारली. आईने मात्र छातीवर हात ठेवून, सगळ्यांच्या वरताण मोठ्याने म्हटलं, "वसंता."

वरच्या मजल्यावरची नवी सून फेरात तिच्या शेजारीच होती. पोरगी गुणाची. तिने आईचा हात हळूच दाबला आणि कानाशी म्हणाली, "काकी, चुकलात. तिथे सागरा आहे."