खोड आधी सांगणारे मामा

बैल विकताना मामा आधी त्याची खोड सांगत. देवणीच्या बाजारात एवढं खरं बोलणारा दलाल दुसरा नव्हता. हा डावीकडं ओढतो, तो पाण्याला बुजतो, हे सांगून झालं की मगच किमतीचं बोलणं. "खोड झाकली तर गिऱ्हाईक एकदाच येतंय," असं ते म्हणत. त्यांच्या या खरेपणावर मामी कायम करवादायची.

स्वतःचं दुखणं मात्र त्यांनी झाकलं. त्यांना एचआयव्ही आहे हे फक्त मामीला आणि मला माहीत. गोळ्या लातूरला मिळत, तरी मामा त्यासाठी नांदेड गाठत; लातुरात देवणीचं कोणी ना कोणी भेटायचंच. एक वेळ बाजार बुडवतील, पण गोळी चुकवायचे नाहीत. तब्येत इतकी ठणठणीत, की आजार मीसुद्धा विसरून जायचो.

गेल्या वर्षी चढ चढताना त्यांची छाती भरून यायला लागली. मी त्यांना इथं लातूरला हृदयाच्या डॉक्टरांकडे नेलं. आणखी कोणत्या गोळ्या चालू आहेत, असं डॉक्टरांनी विचारलं, तर मामा म्हणाले, कोणत्याच नाहीत. बाहेर आल्यावर मी चिडलो. दोन औषधं एकमेकांवर उलटली तर जिवावर बेतेल, आजार सांगायला लाज कसली, असं बरंच सुनावलं. मग मामा म्हणाले, "चल, सांगतो."

आत जाऊन त्यांनी सरळ सांगितलं, "साहेब, मघाशी खोटं बोललो. मला एचआयव्ही हाय. नांदेडच्या गोळ्या चालू हायत." आवाज नेहमीसारखाच खणखणीत. दार अर्धं उघडं होतं आणि बाहेर पेशंट बसले होते. मी झटकन उठून दार लावलं.

डॉक्टरांना त्या आजाराचं काहीच वाटलं नाही. विषाणू औषधानं दबला तरी रक्तवाहिन्यांना आतून थोडी सूज राहते, म्हणून तुम्ही हृदयाला जास्त जपायचं, असं त्यांनी समजावलं. आधी लिहिलेल्या कोलेस्टेरॉलच्या गोळीवर काट मारून दुसरी लिहिली. पहिली नांदेडच्या गोळ्यांबरोबर चालली नसती म्हणे.

जिना उतरताना मामा म्हणाले, "बोल म्हणून तूच मागं लागलास, आन् दार बी तूच लावलंस."

रागानं म्हणाले असते तर बरं झालं असतं.

आता तपासणीला ते एकटेच येतात. माझं घर दवाखान्याच्या मागच्याच गल्लीत. पूर्वी जेवल्याशिवाय जात नसत, आता परस्पर देवणीची गाडी धरतात. फोन केला तर म्हणतात, "तुझ्याकडं लोकं येत्यात-जात्यात, कशाला उगं." घरी या म्हणायला मला तोंड राहिलेलं नाही.