शिरूर ते दौंड, माझ्या शब्दावर गेलेल्या पोरीमागं

शिरूरच्या स्टँडवर दहाला दौंडची गाडी धरली. शाळा माझी दुसरीपर्यंत, तरी गाडीची पाटी मी कोणाला विचारत नाही. त्या दिवशी दोनदा विचारली.

सोनाली आमच्या खोलीत भाड्यानं राहायची. अठरा पुरी झाली म्हणून बालगृहातून बाहेर पडलेली, मागंपुढं कोणी नाही. रांजणगावच्या कंपनीतलं कामही सुटलेलं. आदल्या दिवशी एक बाई आली. म्हणाली, सोलापुरात शिवणकाम आहे, राहणं-जेवण तिथंच. मी रिवाजाप्रमाणं गाव विचारलं, सोयरे (लग्नानं जोडलेली घरं) विचारले. तिनं माझ्या व्याह्यांचं गाव, घर, दारातली चिंच, सगळं सांगितलं. "जा पोरी," मी म्हणालो, "बाई आपल्यातली हाय." सकाळी दोघी दौंडहून सोलापूरची रेल्वे धरायला गेल्या.

नऊला व्याह्यांना फोन लावला. "आबा, असली बाई आमच्याकडं न्हाई." सोनालीचा फोन बंद. थोरल्या लेकानं पोलिसांना कळवलं आन् मला म्हणाला, घरी बसा. मी बसतोय होय!

न्हावऱ्यापुढं दोन्ही अंगांनी ऊस. एरवी मी लांबून उसाची जात सांगतो. आज त्यात कोणाला ओढून नेलं तर दिसेल का, एवढंच मनात. चौफुल्याला गाडी चहाला थांबली. वडापाव घेतला, न खाता तसाच बांधला.

"मास्तर, काढा की गाडी!"

"आबा, लगीन चुकतंय का तुमचं?" कंडक्टर म्हणाला. सगळे हसले.

गेल्या ग्रामसभेत ग्रामसेवकानं एक कायदा वाचला होता, अजून व्हायचाय, म्हणून गावाचं मत मागवलेलं. बेघर पोरापोरींना निवारा द्यायचा, आन् त्यांना कामाला नेणाऱ्यानं आधी नोंद करायची. मीच उठून म्हणालो होतो, "आमच्या गावात माणसाचा शब्द चालतो, कागद नको." टाळ्या पडल्या होत्या. पाटस येईस्तोवर त्या टाळ्या कानात वाजत होत्या.

दौंडला स्टेशनच्या वाटेवर चपलेचा अंगठा तुटला. एका पायानं अनवाणी पोचलो. रेल्वे पोलिसांनी दोघींना गाडीत चढण्याआधीच चौकीत बसवलं होतं. पोरगी दिसली आन् मी थेट तिच्यापुढं जाऊन उभा राहिलो.

"ही तुमची कोण?" पोलीसबाईनं विचारलं.

मी गाव सांगितलं, भावकी सांगितली, व्याही सांगितले.

"आबा, हे सगळं मघाशी ह्या बाईनंबी सांगितलं. कागद काय हाय?"

माझ्याकडं काहीच नव्हतं. ती बाई शांतपणे शेंगा खात होती.

पोलीसबाई सोनालीकडं वळली. "जायचं का यांच्यासंगं?"

"हिच्यासंगं जा म्हणून यांनीच सांगितलं होतं," सोनाली म्हणाली. मग तिनं माझ्या अनवाणी पायाकडं बघितलं. "येते. पण आबा, खोलीचा कागद करून द्या. तुमच्या शब्दावर न्हाई येत."

आयुष्यात असं मला कोणी बोललं नव्हतं. त्याच टेबलावर वाकड्या अक्षरात लिहून दिलं. बाईला चौकशीला ठेवून घेतलं. परतीच्या गाडीत सोनालीनं वडापाव खाल्ला. कागद मुठीतच होता.

गावात उतरल्यावर आधी ग्रामसेवकाकडं गेलो. "त्या कायद्याला माझा होकार लिहा," म्हणालो.

सोनाली खोलीत आहे, आतून कडी लावते. माझी मात्र धास्ती सुटत नाही. त्या बाईला माझ्या व्याह्यांची चिंच ठाऊक होती. आणखी किती जणांच्या दारातली झाडं तिनं पाठ केली असतील?